पंचविसाव्या दिवसाचे दूध

माझे वडील आण्णासाहेब यांनी एक्केचाळीस दिवस आमच्या कपिला गाईच्या कच्च्या दुधाखेरीज काहीही न घेण्याचा नेम केला. त्या गाईचे रक्त तीनदा आणि दूध पाचदा तपासले गेले. एकदाही दोष आढळला नाही. वडील ब्रुसेला नावाच्या जंतूच्या संसर्गाने वारले, आणि हा संसर्ग माणसाला बाधित जनावरापासून होतो.

तपासण्या मी केल्या होत्या. मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दर शनिवारी लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावी येते आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जाते.

आण्णा तीस वर्षे उमरग्याच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर त्यांचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. त्याच सुमारास त्यांच्या मोबाईलवर एक गृहस्थ दिसू लागले, जे एक्केचाळीस दिवस केवळ कच्चे दूध पिऊन सांधे बरे होतात असे सांगत. याला ते दुग्धकल्प म्हणत. दूध उकळले की त्यातले जिवंत तत्त्व मरते, असा त्यांचा मुख्य सिद्धान्त होता.

आमचा वाद तीन आठवडे चालला. कच्च्या दुधात जे जिवंत असते ते नेमके काय असते हेच मला माहीत आहे, म्हणून मी नको म्हणते, असे मी सांगितले. ते म्हणाले, "तू जंतूंची मास्तरीण. तुला देवळात नेलं तरी गाभाऱ्यात जंतूच दिसायचे."

शेवटी तडजोड झाली. दूध एकाच गाईचे, कपिलाचे. तिचे रक्त आधी तपासायचे. आईने धार काढण्याआधी हात आणि सड गरम पाण्याने धुवायचे. दर सोमवारी मी दुधाचा नमुना न्यायचा. नमुन्यात रंगीत द्रव मिसळून ठेवला आणि दूध बाधित असले, तर वरच्या सायीत निळे कडे उमटते. कडे उमटले की कल्प त्याच दिवशी बंद. आण्णांनी या अटी मान्य केल्या. मी संमती दिली, असे म्हणणे अचूक ठरेल.

कल्प सहा डिसेंबरला सुरू झाला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत दर दोन तासांनी दोनशे मिलिलिटर. आण्णांनी त्यासाठी एक वही आखली. तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. गाड्यांची नोंद त्यांनी आयुष्यभर अशीच ठेवली होती. मला त्या वहीचे हसू आले. माझी स्वतंत्र वही होती.

निळे कडे कधीच उमटले नाही. आण्णांचे वजन साडेसहा किलोंनी उतरले आणि गुडघ्यांचे दुखणे खरोखर कमी झाले. वजन घटले की गुडघ्यावरचा भार घटतो, दुधाचा त्यात काही चमत्कार नाही, असे मी समजावले. त्यांनी विचारले, "पण वजन कशानं उतरलं? दुधानंच न्हवं?" या युक्तिवादात चूक नव्हती. सोळा जानेवारीला त्यांनी भाताच्या पेजेने कल्प सोडला आणि काठी न घेता मारुतीच्या पारापर्यंत चालत गेले. आईने दृष्ट काढली.

दहा दिवसांनी ताप आला. तो संध्याकाळी चढे, पहाटे दरदरून घाम येऊन उतरे. तालुक्याच्या डॉक्टरांनी टायफॉईड धरून औषध दिले. पहिला अंदाज म्हणून ते चुकीचे नव्हते. ताप जाई आणि परत येई. मार्चमध्ये सोलापूरला रक्तात ब्रुसेला सापडला, तोवर तो हृदयाच्या झडपेवर बसला होता. गुडघ्याची शस्त्रक्रिया टाळायला निघालेल्या माणसाला हृदयाची शस्त्रक्रिया सांगण्यात आली.

रुग्णालयात त्यांनी पहिली चौकशी केली ती गाईची. "कपिलाला काय झालंय का गं?"

मी तिचे रक्त पुन्हा तपासले होते. मी नाही म्हणाले.

"मग मला कशानं झालं?"

"शोधते, आण्णा."

"शोध. तुझ्या आईला कळलं पायजे. ती स्वतःला लावून घेईल."

शस्त्रक्रियेच्या आधीच, अकरा एप्रिलला, ते गेले.

आईने लावून घेतले. तेराव्यानंतर तिने कपिलाची धार काढणे बंद केले. वासरू सोडून द्यायची आणि पाठ फिरवून घरात यायची. हात इतके धुवायची की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. "म्या काढलेलं दूध प्यायले," ती एकदा म्हणाली, "दुसऱ्या कुनाचा हात न्हवता मधी." गाय निर्दोष आहे, असे मी तिला कागद दाखवून सांगितले. ती म्हणाली, "कागद खरा असता तर हे असते."

तपासणी क्वचित चुकते. बाधित गाय कधी कधी निर्दोष दिसते, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. चूक असेल तर ती आईच्या हातांची नव्हती, माझ्या तपासणीची होती. आणि त्या तपासणीच्या भरवशावरच कल्पाला संमती मिळाली होती. मी कपिलाचे रक्त तिसऱ्यांदा काढले आणि मुद्दाम दुसऱ्या प्रयोगशाळेत दिले. तिथूनही निर्दोष आले. आईला त्याने फरक पडला नाही. जूनमध्ये तिने गाय बाजारात नेण्याचे ठरवले. त्यासाठी रविवार मुक्रर झाला.

त्याच आठवड्यात गुरुवारी रुग्णालयाचे पत्र आले. आण्णांच्या रक्तातून वाढवलेला जंतू त्यांनी पुढच्या तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला होता. ब्रुसेलाच्या जाती वेगवेगळ्या आहेत. गाईम्हशींत सहसा एक आढळते, शेळ्यामेंढ्यांत दुसरी. आण्णांच्या रक्तातली जात शेळीची होती.

आमच्याकडे शेळी नाही. कधीच नव्हती.

मी शुक्रवारीच गावी आले आणि आईला विचारले की, त्या एक्केचाळीस दिवसांत त्यांनी बाहेरचे काही घेतले होते का. ती म्हणाली, "पाण्याचा घोट सुदीक घरचा." मग मी माझी वही उघडली. कल्पातल्या सहा सोमवारांपैकी पाच नोंदलेले होते, एक नव्हता. तीस डिसेंबरसमोर माझ्या अक्षरात लिहिले होते: नमुना नाही, सण. त्यानंतर मी आण्णांची वही उघडली, पहिल्यांदाच. प्रत्येक ओळीत शेरा एकच: वेळेवर. वेळेवर. वेळेवर. तीस डिसेंबरला, म्हणजे पंचविसाव्या दिवशी, दहापर्यंत वेळेवर. ठरलेली वेळ बारा, प्रत्यक्ष वेळ बारा चाळीस, शेरा: बदली गाडी. दोन आणि चारच्या ओळींवर: रद्द. सहाला पुन्हा वेळेवर.

नेहमीची गाडी येऊ शकली नाही म्हणजे तिच्या जागी जी सोडतात, ती बदली गाडी. आण्णांनी काहीही लपवले नव्हते.

तीस डिसेंबरला येळवस होती, मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात कोणी राहत नाही. सगळे आपापल्या शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, पूजा करतात, आंबील, भज्जी आणि उंडे खातात आणि एकमेकांच्या कोपीत जाऊन जेवतात. बोलावलेला पाहुणा काही न घेता परत जात नाही. पूजेनंतर मातीच्या नव्या बोळक्यात दूध तापवून ते उतू घालतात. आमच्याकडे त्यासाठी सकाळची सगळी धार नेतात, थेंबही मागे ठेवत नाहीत. आण्णांना दहापर्यंत आदल्या संध्याकाळचे दूध पुरले होते. बाराच्या वेळेला घरात किंवा शेतात कपिलाचे कच्चे दूध नव्हते.

मी तिथे होते. सुट्टी घेऊन थांबले होते. बोळके उतू गेले, लोकांनी हात जोडले, आणि आईने उरलेले दूध वाटीत ओतून आण्णांपुढे धरले. ती म्हणाली, "आज एवढं घ्या. सणाचं हाय."

त्यांनी वाटी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "उकळलंय ते, आण्णा. त्यातलं सगळं जिवंत मेलं. तुमचा कल्प मोडेल."

कोपीतले सगळे हसले. आण्णाही हसले. "पोरगी नेमाची पक्की हाय," असे म्हणून त्यांनी वाटी खाली ठेवली आणि काठी घेऊन बांधावरून पलीकडे गेले. पलीकडे उत्तरेश्वरकाकांचे शेत आहे. काका आणि आण्णा एका वर्गातले.

माझ्या फोनमध्ये त्या दिवसाची छायाचित्रे आहेत. एकात उत्तरेश्वरकाकांच्या कोपीपुढे आण्णा घोंगडीवर बसले आहेत आणि त्यांच्या हातात पितळी फुलपात्र आहे. वेळ बारा एक्केचाळीस. छायाचित्र मी बांधावरून काढले होते. फुलपात्रात पाणी असेल असे तेव्हा धरले होते. ते मी घरातल्या सगळ्यांना पाठवले होते, खाली ओळ लिहून: पंचविसावा दिवस.

शनिवारी सकाळी मी काकांच्या घरी गेले. काका पंचायतीत गेले होते. त्यांची सून शिवकन्या ओट्यावर तूर निवडत होती. मी छायाचित्र तिच्यापुढे धरले आणि फुलपात्रात काय होते ते विचारले. तिला आठवायला वेळ लागला नाही.

"दूध व्हतं, ताई. आण्णा म्हनले, कच्चं आसंल तरच दे. आता येळवशीला कच्चं कुठलं? आमच्या म्हशीचं बी उतू घालायला गेलेलं. शेळीचं तेवढं व्हतं. शेळीचं बोळक्यात घालत न्हायत."

"कोणती शेळी?"

"काळी. आता इकली ती." तिने तुरीतला एक खडा वेचून टाकला. "लई दूध व्हतं तिला तवा. पंधरा दिसामागं गाभडली व्हती, मेलेलं करडू पडलं. प्यायला करडूच न्हाय, मग दूध रोज उरायचं."

घरात ते दूध कशाला वापरत, असे मी विचारले. ती म्हणाली, चहाला. चहा उकळतो. त्या घरात कोणीही आजारी पडले नव्हते.

शेळी दिवस भरण्याआधी गाभडते याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतले एक ब्रुसेला आहे. काळी शेळी आता तपासता येणार नव्हती. पण गोठ्यात आणखी चार होत्या. मी शिवकन्येच्या परवानगीने त्यांचे रक्त घेतले. दोन बाधित निघाल्या. निष्कर्ष हाती यायला चार दिवस लागले, परंतु मला त्या ओट्यावरच पुरेसे कळले होते.

तिला मी एवढेच सांगितले की दूध उकळल्याशिवाय पिऊ नये आणि शेळी गाभडली तर पडलेल्याला उघड्या हाताने उचलू नये. तिने विचारले, "आण्णांना त्येनंच झालं का, ताई?" मी होय म्हणाले. ती सुपातली तूर तशीच धरून बसली. त्यांनी मागितले आणि तू दिलेस, यात तुझी चूक नाही, असे मी म्हणाले. ते खरे आहे.

आई गोठ्याच्या दारात उभी होती. रविवारसाठी कपिलाचे नवे दावे तिने खुंटीला अडकवून ठेवले होते. मी तिला सगळे क्रमाने सांगितले. संपल्यावर ती म्हणाली, "म्हंजी कपिला न्हवं."

"नव्हे. तुझे हातही नव्हेत."

तिने गाईच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "म्या वाटी दिली व्हती त्यांला. हातात घेतली व्हती त्यांनी."

"हो."

पुढचे तिला आठवत होते हे मला दिसले, आणि मला दिसले हे तिलाही कळले. तिने चुलीवरचे गरम पाणी घेतले, हात धुतले, सड धुतले आणि दोन महिन्यांनी कपिलाखाली बसली. दूध आणून तिने चुलीवर ठेवले. ते वर येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

आण्णांनी शोध म्हणून सांगितले होते. शोधलेले इथे लिहून ठेवते. कपिला निर्दोष होती आणि माझी तपासणी बरोबर होती. तीस डिसेंबरला दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, उत्तरेश्वरकाकांच्या कोपीत, आण्णा गाभडलेल्या शेळीचे सुमारे दोनशे मिलिलिटर कच्चे दूध प्याले. त्याच्या अर्धा तास आधी त्यांच्या हातात उकळलेल्या दुधाची वाटी होती. ती त्यांनी मी केलेल्या थट्टेमुळे खाली ठेवली.