कवंदीचं पोट

"निळ्याशी भांडण झालंय का तुझं?" पडवीतून नवऱ्यानं, इनासनं, विचारलं.

मार्सेलिननं मान वर केली नाही. सकाळपासून एकच निळा तुकडा ती उचलत होती, ठेवत होती, पुन्हा उचलत होती. नवऱ्याच्या जुन्या लुंगीचा तुकडा तो, आणि नवऱ्यासारखाच कुठे धड बसायला तयार नव्हता. शेवटी तिनं तो एका विटक्या जांभळ्याशेजारी ठेवला, आणि बघते तर जांभळा असा खुलला की ती एकटीच खुदकन हसली.

लेकीला, आग्नेसला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले होते आणि ती बाळंतपणाला माहेरी आली होती. येणाऱ्या बाळाची कवंदी, चिंध्यांची गोधडी, आजीनं शिवायची, हे काही कुणी सांगायला लागत नाही. सिद्द्यांच्या त्या वाडीत घरोघरी बायका कवंद्या शिवत, पण मार्सेलिनच्या हातची दुरून ओळखू यायची. जुनं लुगडं खाली अंथरायचं, कोपऱ्यापासून चिंध्या लावायला घ्यायच्या आणि कडेकडेनं फिरत फिरत आत यायचं. आधी आखणी नाही, माप नाही. पुढचा रंग कुठला, ते मागचा सांगतो. शिवायला बसली की तिला भुकेची शुद्ध नसे. चुलीवरची आमटी किती वेळा करपली असेल, आणि इनासनं ती किती वेळा मुकाट्यानं खाल्ली असेल!

सगळ्यात शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते. ते कवंदीचं पोट. ते बंद करण्याआधी आत चार दाणे तांदूळ टाकायचे. कवंदी उपाशी राहिली तर तिच्यावर निजणारंही उपाशी राहतं, असं तिची आई सांगायची, आईला तिची आई.

पोटासाठी मनासारखा तुकडा काही केल्या मिळत नव्हता. पिवळा लावला, उसवला. हिरवा लावला, उसवला. मग गाठोड्याच्या तळाशी आग्नेसच्या लहानपणीच्या झग्याचा खिसा सापडला, लाल, त्यावर पांढरे ठिपके. तो मधे ठेवला मात्र, कडेपर्यंतचे सगळे रंग जणू त्याचीच वाट बघत बसले होते! एका दमात मार्सेलिननं तो चारी बाजूंनी शिवला, चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावली आणि आग्नेसला हाक मारली. आग्नेस आली, शेजारणी आल्या. सगळ्या बघतच राहिल्या. असा आनंद मार्सेलिनला तिच्या लग्नातही झाला नव्हता.

संध्याकाळी चिंध्या आवरताना पोटात टाकायला म्हणून खिडकीत काढून ठेवलेली तांदळाची वाटी दिसली, तशीच भरलेली.

पोट उपाशीच शिवलं गेलं होतं. उसवावं म्हणून तिनं सुईचं टोक लाल तुकड्याखाली घातलंसुद्धा. पण टाके असे बसले होते की पुन्हा तसे बसले नसते. उद्या करू, ती स्वतःशी म्हणाली. उद्याचं परवावर गेलं, आणि बाळ झालं.

मुलगी झाली. इवलीशी, कुरळ्या केसांची. तिला कवंदीवर निजवलं की बघायला येणाऱ्या बाया आधी मुलीचं कौतुक करायच्या, मग कवंदीचं. मार्सेलिन ऐकायची आणि सुखावायची. त्या सुखाची तिला पुढे जन्मभर शिसारी आली.

मुलगी दूध ओढेना. दोन घोट घ्यायची, दमायची आणि सोडून द्यायची. नखं निळी पडायला लागली. आता मात्र उसवायचंच म्हणून मार्सेलिन कात्री घेऊन आली, तर जावई जीप घेऊन दारात उभा होता आणि आग्नेस मुलीला त्याच कवंदीत गुंडाळून निघाली होती. हुबळीच्या दवाखान्यातून मुलगी त्याच कवंदीत परत आली, गार होऊन.

काळजातच दोष होता, जन्मापासूनचा, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं इनासनं बायकोला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. डॉक्टरांना काय ठाऊक, ती मनात म्हणाली. खिडकीतली वाटी तिनं पाहिली होती, डॉक्टरांनी नव्हती.

आग्नेस कवंदी सोडायला तयार नव्हती. मुलीला हिच्यातच पुरायचं, असा तिनं हट्ट धरला. एकदा तरी कवंदी तिच्या हातून सुटेल, घटकाभर तरी, म्हणून मार्सेलिन रात्रभर कमरेला सुई खोचून लेकीच्या उशाशी बसून राहिली. आग्नेसची मिठी सुटली नाही.

इगर्जीमागच्या दफनभूमीत, खड्ड्याशी, आग्नेसनं त्या लाल तुकड्यावर हात ठेवला आणि आईकडे वळून बघितलं.

"आई, हिचं पोट भरलंयस ना गं? आत काही तरी आहे ना?"

खोटं बोलायला मार्सेलिनची जीभ रेटत नव्हती आणि खरं बोलायला छाती नव्हती.

"भरलंय, बाय."

"मग बरं," आग्नेस म्हणाली, आणि आता कुठे तिनं मुलीला हातातून सोडलं.

पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. एकेकानं पुढे होऊन मूठमूठ माती टाकली. शेवटी मार्सेलिन पुढे झाली. घरून निघताना ओच्यात काय बांधून घेतलं होतं ते कुणाला दिसलं नव्हतं. तिनं खड्ड्यावर मूठ उघडली आणि ओल्या मातीवर पांढरे तांदूळ पडले.

म्हातारी दुःखानं भ्रमली असेल, असं लोकांना वाटलं. आग्नेस तेवढी त्या तांदळांकडे बघत राहिली. मग तिनं आईचा हात ओढून घेतला. घामेजलेल्या तळव्याला एक दाणा चिकटून राहिला होता. तो तिनं नखानं सोडवला आणि वाकून आपल्या हातानं खड्ड्यात टाकला.

आईच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही.