कुसुमच्या दातांची राखण

"टाक तो बत्तासा! टाक म्हणते ना!"

भर जैन स्थानकात लाडकुंवरने दहा वर्षांच्या कुसुमची मूठ उघडली आणि बत्तासा काढून घेतला. साध्वी महासतीजींचं व्याख्यान नुकतंच संपलं होतं, झमकूबाई रिवाजाप्रमाणे सगळ्यांना प्रभावना म्हणून बत्तासे वाटत होत्या. ती कुणी नाकारत नाही. आणि इथे तर एका विधवेने आजारी लेकराच्या हातातून हिसकावली!

"स्वतःला मूलबाळ नाही, दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचा घासही बघवत नाही हिला!" झमकूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. कुसुमने भोकाड पसरलं. तिच्या डोळ्यांत पाणी येई, तोंडात मात्र येत नसे.

लाडकुंवर ही कुसुमच्या वडिलांची, अभयकुमारची आत्या. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हा जळगावला भावाकडे आली. चाळीस वर्षं पापड लाटले, गहू निवडले. घरात सगळे भुवाजी म्हणत, पण घटकाभर जवळ बसायला कुणाला सवड नव्हती. तिला जागा होती ती एका स्थानकात.

बाहत्तरच्या दुष्काळात कुसुमच्या गळ्यात कर्करोगाची गाठ निघाली. मुंबईला किरणांचे शेक दिले. गाठ गेली, पण तोंडातली लाळही आटली. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी बजावलं, "लाळ नाही म्हणजे दातांना राखणदार नाही. गोड बंद. या रबरी साच्यांत औषध भरून सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं दातांवर बसवा, नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नको. हयगय केलीत तर दातांचं कवच जाऊन तुकडे पडतील."

सोबत लाडकुंवर गेली होती, म्हणून ऐकलं तिनेच. घरच्यांना वाटे, पोर जगली, आता कसले दात न् कसलं काय! येईल तो कोरड्या तोंडाला बरी म्हणून खडीसाखर देई.

ती पाच मिनिटं मात्र लाडकुंवरची. कुसुम तिच्या मांडीवर डोकं ठेवून आ करी, ती साचे बसवी आणि हनुवटी धरून बसे. तिच्या मांडीवर आजवर कुणी डोकं ठेवलं नव्हतं. खरं सांगायचं तर दिवसभर ती त्या पाच मिनिटांचीच वाट बघे.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन महासतीजींपुढे बसली. "हिला गोडाच्या त्यागाचं पच्चक्खाण द्या. डॉक्टरचं कुणी ऐकत नाही. व्रत म्हटलं की कुणी मोडायला धजणार नाही."

"व्रत मनातून घ्यायचं असतं. कुसुम, तुझी इच्छा आहे?"

"नाही. दिवाळीपर्यंत लाळ येणार आहे. भुवाजीच म्हणाल्या."

लाडकुंवरने पोरीची समजूत घालायला मारलेली थाप ती. महासतीजींसमोर आता खोटं कुठल्या तोंडाने बोलणार?

"बेटा, लाळ कदाचित कधीच यायची नाही. जपले नाहीस तर दात जातील. मी खोटं सांगितलं."

कुसुम महासतीजींकडे वळली आणि तिने व्रतासाठी हात जोडले.

त्या दिवशी व्याख्यानात कुसुमचं नाव पुकारलं गेलं. "एवढीशी पोर, केवढा त्याग!" म्हणत झमकूबाईंनी तिला पहिल्या ओळीत नेऊन बसवलं. घरीही कुणी साखरेचा खडा पुढे केला नाही. लाडकुंवरला हायसं वाटलं.

संध्याकाळी तिने साचे धुतले, औषध भरलं, मांडी घालून बसली. कुसुमने उभ्याउभ्याच साचे उचलले.

"माझे मी बसवीन. तुम्ही खोटं बोलता."

आतल्या खोलीचं दार लागलं.

लाडकुंवर घड्याळाकडे बघत राहिली. पाच मिनिटं भरली, मग आतून थुंकल्याचा आवाज आला. पाण्याचा आवाज काही आला नाही. बरोबर केलं पोरीने.

कुसुमची आई तांब्या घेऊन आली. "भुवाजी, आज पाणी प्यायचं राहिलंच की तुमचं."

सूर्यास्तानंतर थेंबही न घेण्याचा तिचा चाळीस वर्षांचा नेम. तिने खिडकीबाहेर पाहिलं. दिवस केव्हाच मावळला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या घेईन."