माणूस कसा पडतो

पाइप डोक्याच्या मागे बसला आणि स्क्रीनवरचा माणूस भिजलेल्या पोत्यासारखा खाली आला. जयदीपने बटण दाबून त्याला पुन्हा उभं केलं. पुन्हा पाइप, पुन्हा पोतं. सकाळपासून हा माणूस सत्तर-ऐंशी वेळा मेला होता आणि एकदाही खरा वाटला नव्हता.

जयदीप गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. फटका बसला की कोणता सांधा किती सुटेल, वजन कुठे जाईल, याचं गणित त्याच्याकडे होतं. हे पडणं चित्रपटासारखं आधी रेखाटून ठेवलेलं नसे. कॉम्प्युटर ते त्या क्षणी, सेकंदाला साठ वेळा मांडत असे. उद्या सोमवारी ते दाखवायचं होतं. मारुंजीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो त्यावरच बसला होता. गावाहून, निघोज्याहून आलेले त्याचे वडील, सयाजी, मागे खुर्चीत चहा घेत होते.

"असा न्हाई पडत माणूस," सयाजी म्हणाले.

"ते कळतंय, दादा. चुकतंय कुठं ते कळत नाही."

"समदं एकदम सोडतोय त्यो. माणूस सोडत न्हाई." सयाजी कप ठेवून उठले. "एक गुडघा जातो. दुसरा धरून ठिवतो. हात कायतरी धराया बघतो, पर हातात काय येत न्हाई."

जयदीपने आकडे बदलले. सांध्यांची ताकद एका झटक्यात शून्य होत होती, ती त्याने हळूहळू उतरती केली. डावा पाय सगळ्यात शेवटी. मग पाइप मारला. माणूस डाव्या पायावर लटपटला, त्याची बोटं हवेत आवळली आणि तो तोंडावर आपटला.

"आता?"

"मान ऱ्हायली. पडता पडता मान मागं वळवतो."

"कशाला?"

"कोन मारतंय ते बघाया."

जयदीपने कीबोर्डवरचे हात काढले. "तुम्ही कुणाला असं पडताना बघितलंय?"

"त्यानं मला बघितलं," सयाजी म्हणाले.

मग ते उभ्याउभ्याच बोलले. चोवीस वर्षांपूर्वी ते कामाला होते त्या कारखान्यात, निघोज्याच्या कंपनीत, संप होता. शेजारच्या मशीनवरचा भिवा चाळिसाव्या दिवशी संप मोडून कामावर गेला. संध्याकाळी गेटबाहेर तीसेक जणांनी त्याला घेरलं. पहिला फटका सयाजींचा होता. मग सगळे तुटून पडले. खडीवर दात सांडले, कानातून रक्त आलं, तरी लाथा थांबल्या नाहीत. चौथ्या दिवशी भिवा गेला. अकरा जणांना अटक झाली. गर्दीत कुणाचा हात होता ते दिसलं नाही, असं प्रत्येकाने सांगितलं. सयाजींनीही.

"म्या एकच मारला," ते म्हणाले.

जयदीपने स्क्रीन बंद केली.

"भिवाकाकांच्या छबूकाकूंना माहितीय?"

सयाजींनी मान हलवली. नाही.

"चला," जयदीप म्हणाला आणि त्याने बाइकची किल्ली घेतली.

निघोज्यात भिवाची बायको छबूबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. बापलेकांना बघून तिने पदर सारखा केला. सयाजी पायरीखालीच थांबले. "भिवाचं सांगाया आलोय," ते म्हणाले.

"उशीर केलात, भावजी," छबूबाई म्हणाली. "दवाखान्यात दोन दिस ते शुद्धीवर हुते. तुमचं नाव सांगितलं त्यांनी मला."

"मग पोलिसांना..." जयदीप पुटपुटला.

"तवा तू तुझ्या आईच्या कडंवर हुतास. दवाखान्यात आलेली ती तुला घिऊन. तुला बघून न्हाई सांगितलं." तिने जयदीपकडे पाहिलं, मग पुन्हा सयाजींकडे. "किती मारलं, भावजी?"

"एक."

"ते तीन म्हनले."

रस्त्यावरून कंपनीची बस गेली. धूळ खाली बसली. सयाजींनी छबूबाईकडे पाहिलं नाही. त्यांनी मान वळवून मागे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"तीन," ते म्हणाले.