चष्म्याच्या दुकानाखाली

गोंदणारीने म्हातारीची बाही कोपराच्या वर दुमडली, हात उशीवर उताणा ठेवला आणि कातडी दोन बोटांनी ताणून पाहिली. ती ताणली गेली नाही, नुसतीच हाडावरून सरकली. मनगटाजवळ इस्पितळातल्या सुयांचे जुने डाग होते, काळेनिळे, एकमेकांत मिसळलेले.

"रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत?" तिने विचारलं.

"दोन आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक," लेक म्हणाली. "म्हणून तर बाकीच्यांनी हात लावला नाही."

लेक पन्नाशीची होती. टपाल कचेरीत पत्रांची वाटणी करायची आणि आज अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. टॅटू काढणाऱ्या तीन दुकानांनी त्यांना परत पाठवलं होतं. त्यातल्या एकाने तर म्हातारीच्या समोरच सांगितलं की ही कातडी नाही, कागद आहे, सुई लावली की फाटेल. शेवटी इस्पितळातल्या एका परिचारिकेने इकडेतिकडे पाहत इथला पत्ता कानात सांगितला.

पत्ता चष्म्याच्या दुकानाचा होता. दुकानाची मालकीण आलेल्या माणसाला नीट न्याहाळायची, कोणी पाठवलं ते विचारायची आणि मनाला पटलं तरच फ्रेमांच्या कपाटाशेजारचं दार उघडायची. खाली अकरा पायऱ्या, एक खोली, एक खुर्ची, एक दिवा. पाटी नाही. दिवसाला एकच गिऱ्हाईक. इथे सुई दुखत नाही आणि रक्त वाहत नाही, हे आलेली माणसं पुढच्याला सांगत आणि कसं काय ते सांगताना आवाज उतरवत. गोंदणारी अंगठा जिभेला लावायची, कातडीवर फिरवायची, आणि तेवढा भाग बधिर होऊन पांढरा पडायचा. बदल्यात बोटभर उंचीची एक कुपी भरून घ्यायची. माणसाच्या रक्ताखेरीज तिच्या पोटात काही ठरत नसे, उन्हात ती जाऊ शकत नसे, आणि चेहरा चोविसाव्या वर्षी होता तसाच राहिला होता. व्हॅम्पायर हा शब्द मात्र तिच्या तोंडावर आजवर कोणी उच्चारला नव्हता. गिऱ्हाईकं तिला बाई म्हणत.

परिचारिकेने लेकीला कुपीचंही सांगितलेलं दिसत होतं. ती आल्या आल्या स्वतःची बाही सरसावून म्हणाली होती, "आईचं नको. माझं घ्या." गोंदणारीने घेतलं, बूच लावलं आणि कुपी फडताळात ठेवून दिली. कोणाच्या देखत ती पीत नसे.

आता लेक सांगत होती. आई घरातून तीनदा निघून गेली. पहिल्या दोनदा शेजारच्यांना सापडली. तिसऱ्यांदा दोन दिवसांनी, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत, वाळूच्या ढिगावर बसलेली. पत्ता कोरलेली साखळी घातली तर ती काढून टाकते, कपड्याला नाव शिवलं तर दातांनी उसवते. अंगावरचं सगळं काढते. कातडी तेवढी काढता येत नाही.

"ही कल्पना तिचीच," लेक म्हणाली. "गेल्या वर्षी, डोकं ठिकाणावर होतं तेव्हा, तिनेच लिहून ठेवलं. म्हणाली, माझ्याच अक्षरात काढून घे, म्हणजे मला ते परक्याचं वाटणार नाही."

तिने पर्समधून चौघडी केलेला कागद काढला. गोंदणारीने तो दिव्याखाली धरला. दोनच वाक्यं होती. मी वाट चुकले आहे. या नंबरवर कळवा. खाली फोनचा नंबर.

कळवा या शब्दातल्या ळ ला मधोमध एक जादा वेटोळं होतं. उजवीकडचा गोल फिरवून लेखणी पुन्हा पोटातून काढलेली. असा ळ कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. एका नऊ वर्षांच्या मुलीला ळ जमेना, रडायला लागली, तेव्हा तिच्या मोठ्या बहिणीने तिला सांगितलं होतं की ही गोगलगाय आहे, तिला शंख काढ.

गोंदणारीने दिवा हलवला. तो नीटच होता, तरी पुन्हा हलवला. मग सुई शाईत बुडवली आणि पहिलं अक्षर सुरू केलं.

आई गेली तेव्हा धाकटी तीन वर्षांची होती. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीने तिला वाढवलं. एका संध्याकाळी धाकटी तापाने फणफणली होती. थोरली तिला गोधडीत गुंडाळून, लगेच येते म्हणून औषध आणायला गेली, आणि दवाखान्यामागच्या बोळात तिला कोणीतरी धरलं. तीन दिवसांनी ती उठून चालू शकली, तेव्हा सरळ घरी गेली. खिडकीशी पोचली. लाकडी झडपेच्या फटीतून तापलेल्या रक्ताचा वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. भिंतीला धरून धरून ती तिथून मागे फिरली. पुढे मामा येऊन धाकटीला घेऊन गेला असं कानावर आलं. भूक आवरायला शिकण्यात आठ वर्षं गेली, आणि तोवर हा चेहरा कोणाला समजावून सांगता येण्यासारखा राहिला नव्हता. या सगळ्याला बासष्ट वर्षं झाली होती.

पहिलं वाक्य संपत आलं तसा म्हातारीने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग वर वाकलेल्या चेहऱ्याकडे.

"आक्के," ती म्हणाली. "औषध मिळालं का गं?"

सुई कातडीपासून केसभर वर थांबली.

लेक स्टूल ओढून पुढे सरकली. वाईट वाटून घेऊ नका, असं दबक्या आवाजात म्हणाली. आईला एक थोरली बहीण होती, लहानपणीच कुठे नाहीशी झाली, आणि हल्ली हिला तरुण बाई दिसली की तीच वाटते. बँकेतली वाटली होती, बसमधली वाटली होती. मागे इस्पितळातल्या आयाबाईने तिचं मन राखायला हो गं, मीच आक्का, म्हणून सांगितलं. बिचारीचा हेतू चांगला होता. पण घरी आल्यावर आई तीन दिवस दाराशी बसून राहिली. अन्न नाही, पाणी नाही. आक्का आली की दोघी मिळून जेवू. शेवटी सलाईन लावावं लागलं.

"काहीही सांगा, पण हो म्हणू नका," लेक म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"आक्के, बोल की," म्हातारीने तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. "रागावलीस? मी झोपले नाही हं. जागीच होते."

गोंदणारीने ते बोटांचं ओझं हातावर तसंच राहू दिलं. म्हातारीच्या गळ्याची शीर तिच्यापासून वीतभर अंतरावर होती. एकदा दात टेकवले की मरण टळेल, एवढं तिच्या हातात होतं. पण वर्षातून एकदा तिच्याकडे तिच्यासारखाच एक गृहस्थ येत असे. त्याला ज्या दिवशी असे दात लागले त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती, आणि एकशे चाळीस वर्षं झाली तरी ती दुखायची थांबली नव्हती. त्याला सगळे चेष्टेने दाढोबा म्हणत आणि तोही हसून ओ देई. माणूस जसा असेल तसाच थिजतो. ही अशीच राहिली असती. दर सकाळी दार उघडून निघणारी, औषध मिळालं का विचारणारी, आणि उत्तर ऐकून तासाभरात विसरणारी. शंभर वर्षं. दोनशे.

"मी आक्का नाही, आजी," गोंदणारी म्हणाली.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. बहुधा आता रडारड होईल, अशी लेकीची तयारी दिसत होती. पण म्हातारीने मनगटावरचा हात काढून घेतला आणि खुर्चीत थोडी सावरून बसली, अनोळखी माणसासमोर बसावं तशी.

"अगं बाई," ती म्हणाली. "माफ करा हं. तुमचा तोंडवळा अगदी तिच्यासारखा आहे. पण ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आता एवढी तरुण कुठली असायला."

"बरोबर आहे," गोंदणारी म्हणाली.

"माझंच चुकलं." म्हातारीने मान हलवली. मग हवापाण्याचं काहीतरी बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "गेलीच असेल ती. कधीच."

लेकीचा हात तोंडाकडे गेला.

गोंदणारीने शाई टिपली आणि दुसरं वाक्य घेतलं. शेवटच्या शब्दापाशी ती कागदाकडे न बघता ळ काढू लागली, शंखासकट, आणि तो कागदावर होता त्याहून जरा गोलच उतरला. मग एकेक आकडा. म्हातारीला डुलकी लागली. रक्ताचे दोनच ठिपके आले. ते तिने कापसाने टिपले आणि कापूस झाकणाच्या डब्यात टाकला.

लेक हळू आवाजात बोलत होती, जणू स्वतःशीच. "मला कळायला लागलं तेव्हापासून ऐकतेय. आक्का येईल. दाराला कडी म्हणून घालू द्यायची नाही. बाबांशी भांडायची त्यावरून. माझ्या लग्नात एक जागा रिकामी ठेवली होती. आज पहिल्यांदा म्हणाली, गेली असेल. एवढं वय झालं आणि आज." तिने डोळे पुसले. "तुम्हाला कल्पना नाही बाई, तुम्ही किती मोठं काम केलंत. आता सुटेल ती."

"उद्या पुन्हा विसरेल," गोंदणारी म्हणाली.

"विसरली तर विसरली. मी सांगेन ना. तूच म्हणालीस म्हणून सांगेन."

गोंदणारीने पट्टी बांधली. दोन दिवस पाणी लावू नका, खपली धरली तर काढू देऊ नका, तेल चालेल पण थोडंच, असं सगळं सांगितलं, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगते त्यापेक्षा बराच वेळ सांगत राहिली. लेकीने प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. मग आईला उठवून उभं केलं.

जिन्यावर म्हातारीने एका बाजूने लेकीचा आधार घेतला आणि दुसऱ्या बाजूने, न विचारता, गोंदणारीचा. सातव्या पायरीवर वरच्या दाराच्या फटीतून आलेलं दुपारचं ऊन पडलं होतं. गोंदणारी त्याच्या अलीकडच्या पायरीवर थांबली आणि हात सोडवून घेतला. त्या दोघी उन्हात शिरल्या. म्हातारीने पुढच्या पायरीवर पाय ठेवून मागे वळून पाहिलं, पण खाली अंधार होता, आणि डोळे बारीक करूनही तिला फारसं काही दिसलं नसावं.

"या बाई कोण गं?" तिने लेकीला विचारलं.

"टॅटूवाल्या बाई, आई. चल, पाय जपून."

"हं," म्हातारी म्हणाली. "हात हलका आहे हो त्यांचा."