सिंहाखालचा शाहबाज

पारोळा रस्त्यावरच्या रुपचंद शेठच्या हॉटेलात समोरची भिंत माणसाला जेवू देत नव्हती. भिंतभर शिकार! वाळवंट, धूळ, लाल फेट्यांचे भालेवाले अरब, मागच्या पायांवर उभा राहिलेला बिनस्वाराचा पांढरा घोडा, आणि मधोमध सिंह. त्या घोड्यावरच्या जवानाला खाली ओढून सिंहानं त्याच्या छातीवर पंजे रोवलेले. मूळ चित्र कुण्या गोऱ्या साहेबाचं. पूर्वेकडची माणसं सकाळी उठली की तोंडसुद्धा न धुता सिंहाच्या अंगावर जातात, अशी त्या साहेब लोकांची समजूत असावी. रुपचंदनं ते मोबाइलवर पाहिलं आणि तो त्यावर भाळलाच. धुळ्याहून अमीन पेंटरला बोलावून म्हणाला, "अमीनभाई, अस्संच पाहिजे. गिऱ्हाइकाचा घास हातातच राहिला पाहिजे."

अमीननं जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. फ्लेक्स आले आणि त्याच्या ब्रशला कुणी विचारेना. त्यामुळे या कामावर तो तुटून पडला. सिंह जमला, घोडे जमले, पण तो पडलेला माणूस काही केल्या जमेना. मोबाइलवर त्याचा चेहरा बोटाच्या पेराएवढा, मोठा करावा तर नुसते ठिपके. शेवटी अमीननं आपल्या पोराला, शाहबाजला, हॉटेलच्या फरशीवर उताणं झोपवलं. "तोंड उघड. अजून उघड. अरे, सिंह बसलाय अंगावर, मच्छर नाही!" शाहबाज हसून हसून लोळायचा. बावीस वर्षांचा बाप्या, पण पोरकटपणा गेला नव्हता. अमीन मग खरोखरच त्याच्या अंगावर खेकसला. पोरगा दचकला, आणि तोच दचकलेला चेहरा अमीननं भिंतीवर उचलला.

उद्घाटनाला अमीनची बायको साबेरा आली होती. पोराला सिंहाखाली बघून तिनं ओढणी तोंडाला लावली आणि खो-खो हसली. "इंजेक्शन देताना अगदी अस्संच तोंड करायचा, गाढव!" अमीनची छाती फुगली. आईनं ओळखलं म्हणजे काम पास.

त्याच वर्षी शाहबाज नरडाण्याच्या एका कारखान्यात लागला. दिवाळीच्या आधी मशीनच्या रोलरनं त्याला हातापासून आत ओढलं. घरी आणला तेव्हा चेहरा झाकलेला होता. साबेरानं हातापाया पडून विनवलं, पण कुणी तो उघडू दिला नाही. लोकांनी भल्यासाठीच केलं असेल. पण आईला शेवटचं तोंड बघू न देणं हे कसलं भलं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर साबेरा पारोळा रस्त्यावर पाऊल टाकीना. घरात त्यांची बोली हिंदीकडे झुकलेली. आपण ती मराठीत ऐकतोय, पण तिचं एक वाक्य मात्र जसंच्या तसं सांगायला हवं, कारण चहा देताना, भाकरी वाढताना ती तेवढंच म्हणायची, "उसकू उठाव वहां से."

"चित्र आहे ते, साबेरा," अमीन म्हणायचा.

"तुम्ही झोपवलंत त्याला सिंहाच्या तोंडात. आणि मी हसले. आता लोक कोंबडी चावत चावत माझं लेकरू मरताना बघतात. उठवा त्याला."

अमीन रुपचंदकडे गेला. सिंह पुसायचाय म्हटल्यावर रुपचंद गल्ल्यावरून उठलाच. "डोकं ठिकाणावर शे का, अमीनभाई? सिंह काढी टाका तं भितवर राही काय?" मग अमीननं सगळं सांगितलं. रुपचंदचं तोंड एवढंसं झालं. बराच वेळ तो टेबल पुसत राहिला, पुसलेलंच पुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "माले कोनी सांगंच नही, भाऊ. काढी टाका. तुमना पोऱ्या शे."

अमीननं आधी सिंहावर वाळूचा रंग फिरवला. सिंह गेला, पण झालं भलतंच. पोरगा एकटाच उताणा पडलेला, तोंड वासून रिकाम्या आभाळाकडे बघतोय. समोर काहीच नसताना घाबरलेला तो चेहरा अमीनला बघवेना. त्यानं पॉलिश पेपर घेतला, डोळे मिटले आणि चेहरा खरवडून काढला, पार सिमेंट दिसेपर्यंत.

खाली उरलेल्या धडावरही वाळूचा रंग फिरवून मग त्यानं पोराला घोड्यावर बसवलं. पाठ ताठ, फेटा वाऱ्यावर, चेहऱ्यावर हसू. कारखान्यासाठी काढलेला फोटो जवळ होता, पण त्यात शाहबाज खांबासारखा उभा. हसू मनानंच काढावं लागलं. ओठ पुसले, काढले, परत पुसले. एका दुपारी ते जमलं असं त्याला वाटलं. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी साबेराला एसटीत घालून घेऊन आला.

साबेरा भिंतीपुढे उभी राहिली. जवळ गेली, मागे आली, परत जवळ गेली.

"हा कोण?"

"शाहबाज," अमीन म्हणाला. "बघ, उठवला त्याला."

"कपाळ त्याचं आहे. केसही त्याचेच आहेत." तिनं मान हलवली. "पण हा आपला नाही. असा तो कधी हसलाच नाही हो."

"ओठ बदलतो. आत्ता बदलतो."

"ओठांचं नाही." ती खाली, वाळूच्या कोऱ्या जागेकडे बघत होती. "इथे होता तो आपला होता. तो कुठंय?"

अमीनचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. जुन्या चित्राचा फोटो आहे का, असं त्यानं रुपचंदला विचारलं, वेटरांना विचारलं. फोटो निघाले ढिगानं, पण सगळ्यांत सिंहाची आयाळ आणि पुढं गिऱ्हाइकांचे दात. खाली पडलेला पोरगा कुठे टेबलाआड, कुठे कुणाच्या खांद्याआड. रुपचंद स्वतःचा फोन पुन्हा पुन्हा वर-खाली करत राहिला.

"सिंह परत काढा," साबेरा म्हणाली. तिच्या आवाजात आता रागही उरला नव्हता. "मी चुकले. मला चालेल सिंह. त्याच्याखाली का होईना, होता ना तो! झोपवा त्याला परत."

अमीन कोळसा घेऊन भिंतीशी उकिडवा बसला. आयाळ आली, पंजे आले, जबडा आला. हाताला सगळं पाठ होतं. पंजांच्या मध्ये येऊन हात थांबला. त्यानं मागे वळून फरशीकडे पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

"आता कोणाला झोपवू, साबेरा?" तो म्हणाला.