पंचमाची तार

"पुन्हा निषाद आला, कुंडलिक," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेटीवर भूपाचे पाच सूर परत वाजवून दाखवले. सा, रे, ग, प, ध. भूपात मध्यम आणि निषाद घ्यायचे नाहीत. अकरा वर्षं मी एवढंच पाठ करतोय.

भोरच्या एसटी डेपोत मी मेकॅनिक. गाडी फाटकातून आत शिरतानाच कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. पण गळा काही कानाचं ऐकत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मास्तरांच्या घरी मला मान एकच होता: तंबोरा लावायचा तो मीच.

मग रत्ना आली. वेल्ह्याकडच्या वस्तीवरची, मेंढपाळाची सून. दुधाच्या टेम्पोनं यायची. तीन महिन्यांत भूप तिच्या गळ्यात बसला.

"कुठं शिकलीस गं?" मी एकदा विचारलं होतं.

"कुठं न्हाई, काका. मेंढरांमागं आमी असंच म्हंतो."

ती गायला लागली की मास्तर पेटीवरून हात काढत. माझ्या वेळी त्यांनी कधीच काढला नव्हता. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

गुरुपौर्णिमेला कोण गाणार ते आज ठरायचं होतं. माझं गाणं निषादानं बुडवलंच होतं. आता तिची पाळी. तंबोरा जुळवायचं निमित्त करून मी पंचमाची तार मध्यमावर उतरवली. भूपात जो सूर नाही, तोच तिच्यामागं वाजत राहावा म्हणून.

रत्नानं षड्ज लावला आणि ती थांबली. "काका, ही तार उतरलीया वाटतं."

तिच्या बोलण्यात संशय नव्हता. मास्तरांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत मी लावलेली तार कधी उतरली नव्हती.

"लावा," ते म्हणाले.

मी लावली. ती गायली. मास्तरांचा हात पेटीवरून उठला.

"गुरुपौर्णिमेला रत्ना," ते शेवटी म्हणाले. "आणि कुंडलिक, तंबोरा लावायला शिकवा तिला. आत्ताच."

मी तार पुन्हा उतरवली आणि तंबोरा तिच्यापुढं केला. ती कान लावून खुंटी पिळत गेली. तार बरोबर पंचमावर बसली. माझ्या कानाला ते सगळ्यांत आधी कळलं.

"न्हाई," मी म्हणालो, "अजून जरा वर."

रत्नानं तार एकदा छेडून पाहिली, माझ्याकडे बघितलं आणि खुंटीवरचा हात काढून घेतला.