मागची चाकं उतारावर

जरा बाजूला व्हा मित्रांनो, गाडी येतेय! हं, गेली. आता बोलू. मी एक जुना भुईकाटा. राज्याच्या हद्दीपलीकडे, नरोलीच्या बाजूला कारखान्यांची वसाहत लागते ना, तिच्या तोंडाशी रस्त्यातच आडवा पडलोय. भरलेला ट्रक अंगावर उभा राहतो आणि मी त्याचं वजन सांगतो. उत्तरेकडचे ड्रायव्हर मला ‘धर्मकाटा’ म्हणतात. पूर्वी ते नाव ऐकून माझी छाती फुगायची, हल्ली ओशाळायला होतं. का, तेच सांगायचंय. मधेच थांबलो तर समजून घ्या, गाड्या माझ्यावर चढतात त्या उताराकडे माझं लक्ष सारखं असतं.

माझा जन्म नाशिकच्या एका कारखान्यातला. जाड लोखंडी पाटा, खाली तुळया, तुळयांखाली वजन ओळखणारी यंत्रं. इथे बसवलं तेव्हा नारळ फुटला, झेंडूची माळ पडली, पहिली गाडी चढली तेव्हा टाळ्याही वाजल्या. माझ्यावर कुणी पिंक टाकली तर काटेवाला अंगावर धावून जायचा! आता फटींत चिखल साचतो, उंदीर वायरी कुरतडतात, आणि विचारतो कोण? असो, रडगाणं पुरे.

तीन वर्षांपूर्वी वसाहतीच्या संघाने नियम केला. जड गाड्या रस्ता चेपतात, तेव्हा झिजेचा आकार, म्हणजे भरपाईचे पैसे, त्यांनीच भरावेत. वजन जास्त तर आकार जास्त. त्यातून रस्ता दुरुस्त व्हायचा. कुठे किती झीज झाली असेल, हेही माझ्याच नोंदींवरून ठरायचं. अहो, केवढा मान!

माझ्या केबिनमध्ये भगवंत बसतो. शहाद्याकडचा, सरळ माणूस. त्याची बायको सरुबाई धाग्याच्या कंपनीत कामाला. रोज सकाळी शेअर रिक्षाने माझ्यापुढच्या ओहोळावरची मोरी ओलांडून जाते. भगवंतची दुखरी नस एकच, गावाकडची आई. ती नस केदारला पक्की ठाऊक. केदार त्याच्याच गावचा ड्रायव्हर, कापसाच्या गाठी घेऊन येतो आणि दर खेपेला म्हातारीने दिलेलं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणतो. सरुबाई त्याच्या भाकरी थापते, तेव्हा कुठे भाड्याच्या खोलीत दोघांना घरी जेवल्यासारखं वाटतं.

एकदा केदारने पुढची चाकं माझ्यावर घेतली आणि मागची उतारावरच ठेवली, म्हणजे वजन कमी भरेल.

“भगवंतभाऊ, राहू दे ना एवढं! आपलाच माणूस आहे ना मी?”

भगवंतने पिठाच्या पिशवीकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाठ केली आणि कमी वजनाची चिठ्ठी फाडून दिली.

मित्रांनो, मी किती तडफडलो! पण जे वजन अंगावर आलंच नाही, ते दाखवू कुठून? मग केदारचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले. परमुलखात गावच्या माणसाला नाही म्हणायचं नाही, ही यांची रीत. रीत चांगली हो, कोण नाही म्हणतं? पण गाडी माझ्यावर अर्धी चढायची आणि मोरीवर मात्र पुरी चढायची.

एके दिवशी सरुबाई डबा घेऊन केबिनवर आली.

“अहो, मोरीला तडा गेलाय. वरून जाताना रिक्षा हेलकावते. साहेबांना सांगा ना.”

भगवंतने सांगितलं. संघाचे इंजिनिअर नंदकुमार साहेब पुण्याचे, कागदावर विश्वास ठेवणारे. त्यांनी माझ्या नोंदी चाळल्या.

“भगवंत, जड गाड्या या रस्त्याने फारशा जातच नाहीत. एवढ्यात मोरीला काही होत नाही.”

भगवंतच्या ओठांवर खरं आलं होतं. नोकरी जाईल या भीतीने त्याने ते गिळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खोटा कागद माझ्याच आकड्यांचा होता.

नवव्या दिवशी सकाळी मोरीची कड खचली आणि रिक्षा कलंडली. बाकीच्या बायका खरचटण्यावर निभावल्या, सरुबाईचा उजवा हात मोडला. “रिक्षावाल्यानेच कडेने घेतली असणार,” असं संघाने ठरवलं. कडेला चार दगड आणि एक लाल फडकं लागलं. संपलं!

तिसऱ्या दिवशी केदार आला. सवयीने मागची चाकं उतारावर. भगवंत केबिनमधून बाहेर आला.

“पुढे घे. पुरी घे.”

“काय झालं रे भो? हे बघ, मायनं पीठ दिलंय.”

“भाकरी थापणारा हात मोडलाय, केदार. गाडी पुढे घे.”

केदारला खरंच माहीत नव्हतं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मुकाट्याने त्याने गिअर टाकला. गाडी पुरती माझ्यावर आली आणि कितीतरी महिन्यांनी माझा आकडा खरा झाला. जीव दडपला, पण बरं वाटलं हो!

त्या दिवसापासून भगवंतने एकही गाडी अर्धी सोडली नाही. गावचे लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. आठवड्याने नंदकुमार साहेब नोंदी घेऊन धावत आले.

“अरे, अचानक एवढ्या जड गाड्या आल्या कुठून?”

“साहेब, त्या पहिल्यापासूनच होत्या. मीच खिडकीकडे पाठ करत होतो.”

साहेबांनी हातातल्या नोंदी मिटल्या. मग तडक मोरीवर गेले. जड गाड्या त्याच दिवशी काट्यापुढून दुसऱ्या वाटेने वळवल्या आणि आता मोरी नव्याने बांधण्यासाठी खणायला घेतली आहे. भगवंतच्या नोकरीचं मात्र सोमवारच्या बैठकीत ठरेल. सरुबाई गळ्यात हात अडकवून डबा आणते. त्यात बाजारचे पाव असतात. ती म्हणते, “जाऊ द्या नोकरी गेली तर. हात जुळतोय माझा.” मला मात्र चैन नाही. सोमवारनंतर त्या खुर्चीवर कोण बसेल, आणि तो खिडकीकडे तोंड करून बसेल का?

मित्रांनो, माझ्या फटींतला चिखल काढलात तर बरंच. नाही काढलात तरी मी निभावून नेईन. पण काट्यावर बसलात तर पाठ फिरवू नका हो. पुढे मोरी असते आणि मोरीवर कुणीतरी आपलंच असतं.

थांबा, गाडी आली. पुढची चाकं चढली, मधली चढली... मागची अजून उतारावरच आहेत. ऐका, ऐका!

“पुढे घे! पुरी घे!”

सोमवारपर्यंत तरी भगवंतच आहे.